आत्याचे डोळे आणि आमच्या पिकअपचे दिवे

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी, तर गेल्या तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, दिवेलागणीला, बडा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी. कोणी केला, तर आमच्याच घरच्या पिकअपने. आणि त्याहून मोठा अन्याय थोड्याच वेळात आमच्याच बैठकीत, चहा पिता पिता झाला, आणि तो करणाऱ्यांत माझे सख्खे वडील पुढे होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की पोरगी घरचं झाकते आणि बाहेरच्यांवर पत्रकं काढते.

आत्या बाबांहून मोठी. साठी तिने कधीच ओलांडली आहे, पण तसं तिच्या वागण्यावरून कोणाला कळत नाही. ती अन्नपूर्णा मंदिराकडच्या भागात एकटी राहते आणि संध्याकाळी घरोघर जाऊन पोरांना पेटी शिकवते. पोरं तिच्याकडे येत नाहीत, तीच त्यांच्याकडे जाते. तिचं म्हणणं असं, की पोरगं स्वतःच्या घरातल्या पेटीवर शिकलं तर शिकवणी सुटल्यावरही वाजवतं, नाहीतर पेटी आत्याची आणि गाणं पण आत्याचंच राहतं. म्हणजे तिचा सगळा कारभार तिच्या जुन्या स्कूटीवर. संध्याकाळी ती घरी सापडली तर समजावं की ताप आहे.

बाबांचा धंदा मंडपाचा. कापड, पाइप, खुर्च्या आणि स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्याने द्यायची. इंदूरच्या मराठी घरांत मुंज असो, डोहाळजेवण असो की साखरपुडा, पंगत उठेपर्यंत आमची भांडी तिथे असतात. या धंद्यात बाबांचा एक नियम आहे आणि तो ते राज्यघटनेसारखा पाळतात: जे आधी लागतं ते शेवटी चढतं. म्हणजे गाडीत आधी खुर्च्या, मग पाइप आणि कापड, आणि सगळ्यांत शेवटी, पार मागच्या फाळक्याला टेकून, भट्ट्या, कढया, भगोणी आणि गॅसची सिलेंडरं. कारण कार्यालयात पोचल्या पोचल्या आचारी भट्टी मागतो. खुर्च्यांवर बसणारी माणसं जेवणाच्या वेळी उगवतात, त्यांना घाई नसते. फाळका उघडला की पहिली भट्टी खाली, पाच मिनिटांत जाळ, आणि बाकीचे मंडपवाले अजून खुर्च्याच उतरवतायत, हे सांगताना बाबांची छाती फुगते. पाहुण्यांना पण सांगतात. ज्यांना ऐकायचं नसतं त्यांना तर जरूर सांगतात.

दसऱ्याला बाबांनी महूहून एक जुनी पिकअप आणली. इंजिन ठीक, हौदा ठीक, टायर चालवून घेण्यासारखे. पण दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिच्या प्रेमात पडला तो दिव्यांमुळे. आधीच्या मालकाने कंपनीचे बल्ब काढून बाजारातले एलईडी बसवले होते. पांढरेशुभ्र, थंड, दवाखान्यातल्यासारखे. पहिल्या दिवशी दादाने गल्लीत ते लावले आणि समोरच्या भिंतीवरची पाल दचकून खाली पडली. दादा म्हणाला, "क्या बात है यार! दिवसासारखं दिसून राहिलं."

दिसत होतं, खरं आहे. त्याला दिसत होतं. समोरून येणाऱ्याला काय दिसतं हा प्रश्न आपल्याकडे गाडी घेताना कोणी विचारत नाही. हॉर्न वाजवून बघतात, सीट दाबून बघतात, हार घालतात, लिंबू चाकाखाली ठेवतात. गाडीच्या पुढे उभं राहून डोळे उघडे ठेवून बघणारा एक माणूस मला दाखवा.

तर तुळशीचं लग्न. ते लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, म्हणून त्याच संध्याकाळी दादा एका लग्नघराचं सामान भरून निघाला होता. आणि आत्या आमच्याकडे येत होती, स्कूटीला ऊस बांधून, हँडलला चिंचा-आवळ्यांची पिशवी लटकवून. गल्लीच्या तोंडाशी दोघं समोरासमोर आले. आत्या नंतर सांगायची, "गल्ली दिसली नाही, गाय दिसली नाही, माझा स्वतःचा हात दिसला नाही गं. नुसतं पांढरं." त्या पांढऱ्यात तिने हँडल वळवलं आणि कोपऱ्यावर ऊस विकायला बसलेल्याच्या मोळ्यांमध्ये स्कूटीसकट शिरली.

ऊसवाला उठून म्हणाला, "अम्मा, गन्ना ही चाहिए था तो आवाज़ दे देतीं!"

दादाने ब्रेक मारला, उतरला, धावत आला आणि बघतो तर आत्या.

"आत्या! तू?"

"तूच का रे मेल्या! आधी ते डोळे मीट गाडीचे."

मनगट मुरगळलं, गुडघा सोलवटला, आरसा तुटला. ऊस मात्र शाबूत. आईने आंबेहळदीचा लेप लावला आणि सगळ्यांना दटावलं, की चौकशी नंतर करा, मुहूर्त चाललाय, तुळस ताटकळली आहे. मग आम्ही अंतरपाट धरून तुळशीचं लग्न लावलं, अक्षता टाकल्या, आणि बैठकीत बसलो. तिथे चहा आला आणि चहाबरोबर निकाल आला.

बाबा म्हणाले, "ताई, आता वय झालं. डोळे दाखवून घे."

दादा लगेच म्हणाला, "हो आत्या, मी तर एकदम साइडने होतो."

मग एक काका आले होते लग्नाला, ज्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, ते म्हणाले, "साठीनंतर रात्रीची नजर जातेच."

आत्या पडली तेव्हा रात्र झालेली नव्हती. आकाशात अजून लाली होती. पण बाबांनी टेबलावरची स्कूटीची चाबी उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "संध्याकाळची गाडी बंद."

आत्या भांडली असती तर मी एवढी पेटले नसते. ती भांडली नाही. लेप लावलेला हात मांडीवर घेऊन ती म्हणाली, "असेल बाबा. डोळ्यांसमोर पांढरं झालं खरं." तिच्या तोंडून हे ऐकणं मला जड गेलं. ज्या बाईने आयुष्यात कोणाच्या बेसूर सुराला मान डोलावली नाही, ती एका बाजारू बल्बपुढे म्हणते, असेल बाबा.

मी डॉक्टरकडे नेलं तिला. डॉक्टरने तपासलं, दिवे डोळ्यांत मारले, पाटीवरची अक्षरं वाचून घेतली, आणि म्हणाला की नंबर तोच आहे, मोतीबिंदू नाही, वयाच्या मानाने फार छान. मी घरी येऊन विजयी वीरासारखं सांगितलं.

बाबा म्हणाले, "कधी तपासले?"

"सकाळी."

"सकाळी मलाही सगळं दिसतं."

असा माणूस. आत्या मग ऑटोने शिकवण्यांना जाऊ लागली. ऑटो कधी मिळायची, कधी नाही. सुटल्यावर परत येताना तर नाहीच. बाबांनी मन मोठं करून सांगितलं, "दादा सोडेल की तुला पिकअपने." यावर आत्या एवढंच म्हणाली, "ज्या दिव्यांनी पाडलं, त्यांच्याच मागे बसून जाऊ?" आणि थोड्या दिवसांनी तिने मला सहज, भाजी निवडता निवडता सांगितलं, की सगळ्यांत लांबच्या घरी तिने दुसरी बाई बघा म्हणून कळवलंय. पोर चांगलं वाजवत होतं, पण काय करणार. बाकीची घरंही हळूहळू सोडीन म्हणते.

सहज सांगितलं तिने. मी भाजी निवडायची सोडून उठले.

मी आमच्या भागातल्या एका गटात काम करते. फुटपाथ, गटारं, झाकण नसलेली चेंबरं, असल्या गोष्टींवर पत्रकं काढतो आम्ही. मला येतं ते एवढंच, तर मी पत्रक काढलं. त्यात लिहिलं की या शहराला स्वच्छतेचा एवढा गर्व आहे, की ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, आणि उजेड मात्र सरसकट सगळ्यांच्या डोळ्यांत. लिहिलं की जो दिवा समोरच्याला आंधळा करतो तो दिवा नसून दगड आहे, फक्त तो लांबून मारता येतो. मराठीत एका बाजूला, हिंदीत दुसऱ्या बाजूला. बाबांनी एक घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "मागची बाजू कोरी ठेवली असती तर भांड्यांचा हिशेब लिहिता आला असता."

मी बडा गणपतीच्या मंदिराच्या रस्त्यावर उभी राहून वाटली. लोक घेतात. फुकट काहीही घेतात. पोहेवाल्याने घेतलं आणि त्यावर एका गिऱ्हाइकाला जिलेबी दिली. शेवटी पानवाल्याने पूर्ण वाचलं, पान लावता लावता, चुना लावलेलं बोट लांब धरून. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "दीदी, बात तो सही है. पण तुमच्या घरच्या पिकअपचे लाइट बघा ना पहिले. रोज शाम को मेरी दुकान में घुस जाते हैं."

मी उरलेली पत्रकं पिशवीत टाकली आणि घरी आले. दादा अंगणात गाडी धूत होता. म्हटलं, "दिवे काढ."

"का?"

"कारण ते बेकायदा आहेत, बेशरम आहेत आणि त्यांनी आत्याला पाडलंय."

"काढणार नाही," दादा म्हणाला. "पण सुधारतो. तसेही ते नाटक करून राहिलेत."

आणि करत होतेच. आता ऐका त्यांची नाटकं, कारण या सगळ्या दिव्यांची थोड्याफार फरकाने हीच असतात. डावा दिवा गाडी उभी असताना लुकलुकायचा, जसा काही डोळा मारतोय. उजव्याच्या काचेत आतून धुकं जमायचं, आणि तळाशी इतकं पाणी, की मासा सोडावा. हॉर्न वाजवला की दोन्ही मंद व्हायचे, जणू ओशाळले.

पुढचे काही रविवार आम्ही त्या गाडीसमोर घालवले. मी त्यात का पडले? कारण मला पुरावा हवा होता. नुसतं ओरडून बाबांच्या खिशातली चाबी बाहेर येणार नव्हती.

डाव्याचा डोळा मारणं आधी बरं झालं. आधीच्या मालकाने एलईडीची अर्थिंगची वायर रंग लावलेल्या पत्र्यावरच बोल्टने आवळली होती. रंगातून करंट कसा जाणार? दादाने बोल्ट काढला, खालचा रंग घासून पत्रा चकचकीत केला आणि वायर परत आवळली. लुकलुकणं बंद, हॉर्नबरोबरचं ओशाळणंही बंद. परिणाम असा, की आधी दीड दिवा आंधळा करत होता, आता पूर्ण दोन करू लागले. मी हे बोलून दाखवलं. दादा म्हणाला, "तू गप बस गं, तुझी पत्रकं छाप."

मग उजव्याचं पाणी. दिव्याच्या मागे एक रबरी टोपी असते, धूळपाणी आत जाऊ नये म्हणून. एलईडीच्या बुडाला पंखा असतो, तो काही त्या टोपीत मावेना, म्हणून आधीच्या शहाण्याने टोपीच मधोमध कापून टाकली होती. म्हणजे गाडी धुतली की दिव्यालाही अंघोळ. दादाने काच सुकवली आणि भोकावर शेवेच्या रिकाम्या पाकिटाचं प्लास्टिक चिकटपट्टीने लावलं. पुढे कितीतरी दिवस दिवा तापला की अंगणात लवंग शेवेचा वास यायचा.

आणि मग मुख्य गोष्ट, दिव्यांची दिशा. गाडी आमच्या कुंपणाच्या भिंतीला अगदी टेकवून दादाने दिव्याच्या मधोमधच्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. मग गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे घेतली आणि डिप्पर, म्हणजे जवळचा खालचा उजेड, लावला. उजेड रेघेच्या खाली पडला पाहिजे. रेघेच्या वर गेला तर तो समोरच्याच्या तोंडावर जातो. दिव्यामागे एक स्क्रू असतो, तो फिरवला की उजेड वर-खाली होतो. फिरव, बघ, फिरव, बघ. शेवटी दोन्ही दिव्यांचा उजेड रेघेखाली बसला. कडा स्वच्छ नव्हती, सांडलेल्या वरणासारखा तो इकडेतिकडे पसरला होता, कारण दिव्यामागची चकचकीत वाटी पिवळ्या बल्बच्या तारेसाठी बनलेली असते आणि एलईडीच्या ठिपक्यांचं काय करायचं हे तिला कळत नाही. पण जोर रेघेखाली होता, हे मलाही मान्य करावं लागलं.

मी बाबांना बोलावलं. आत्याची स्कूटी तेव्हापासून आमच्याच अंगणात उभी होती. म्हटलं, "बसा तिच्यावर. समोर तोंड करून. बघा तुम्हाला काय दिसतं."

बाबा धोतर सावरावं तसा लेंगा सावरून स्कूटीवर बसले. दादाने दिवे लावले. बाबांनी डोळे मोठे केले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"मला सगळं दिसतं," ते म्हणाले. "गाडी दिसते, दादा दिसतो, तुझं वाकडं तोंड पण दिसतं."

दादा हसला. बाबा उतरले. जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "ताईची नजरच आहे गं. मान्य कर."

मी हरले होते. स्वतःच मांडलेल्या परीक्षेत, स्वतःच बोलावलेल्या परीक्षकासमोर. त्या रविवारी मला पहिल्यांदा वाटलं की आत्याचे डोळे खरंच गेले असतील, आणि असं वाटल्याचा मला इतका राग आला, की जेवताना मी बाबांच्या ताटात भात आदळला.

संक्रांत झाली. आईने घरी हळदीकुंकू ठेवलं, आत्याही आली, ऑटोने, काळी साडी नेसून. त्याच संध्याकाळी दादा दुसऱ्या दिवशीच्या मुंजीचं सामान भरत होता. खुर्च्या चढल्या, पाइप चढले, शेवटी भट्ट्या, सिलेंडरं आणि ते मोठं भगोणं, ज्यात मी लहानपणी बसून लपाछपी खेळलेय. फाळका लागला. सूर्य मावळला होता. बायका वाण घेऊन, तिळगूळ चघळत अंगणातून निघाल्या होत्या. दादा गाडी फाटकाच्या बाहेर लावून ठेवायला म्हणून आत बसला आणि त्याने दिवे लावले.

समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर गॅलरी आहे. तिथे त्या घरचे काका रोज त्या वेळी बनियनवर चहा पितात. अख्खी गॅलरी, काका, बनियन आणि कप, सगळं भक्क पांढरं झालं.

वरून आवाज आला, "अरे ओ भिया! फिलिम की शूटिंग है क्या? बता देते, शर्ट पहन लेता!"

बायका हसल्या. मी हसले नाही. मी भिंतीकडे बघत होते. आमच्या कुंपणावर खडूची रेघ तशीच होती, आणि ती अंधारात होती. उजेड तिच्या कितीतरी वर होता, कुंपण ओलांडून, रस्ता ओलांडून, काकांच्या चहात.

"दादा, तू स्क्रू फिरवलास?"

"आईशप्पथ, नाही."

मी गाडीच्या बाजूला गेले आणि वाकून बघितलं. कधी बघत नाही आपण गाडीकडे बाजूने. मागचा भाग खाली बसला होता, चाकांवरच्या कमानीचे पट्टे सपाट झाले होते आणि पुढचं नाक आकाशाकडे. बसल्या बसल्या ढेकर देणाऱ्या माणसासारखी दिसत होती गाडी. आम्ही सगळे रविवार ती रिकामी तपासली होती. रिकाम्या गाडीने कोणालाच कधी पाडलं नव्हतं. आत्याला पाडलं त्या दिवशी ती भरलेली होती. आणि कशी भरलेली, तर आमच्या पद्धतीने, सगळं वजन शेपटीला.

"बाबा!" मी ओरडले. "बाहेर या. स्कूटीवर बसा."

"परत?"

"परत."

बायका थांबल्या. वाण हातात, पदर डोक्यावर, आणि पुढे तमाशा. अशा वेळी कोण घरी जातं? बाबा आले, बसले. दादाने दिवे बंद केले, पुन्हा लावले.

बाबांचा हात आपोआप डोळ्यांवर गेला. त्यांनी तो लगेच खाली घेतला, कारण सगळ्या बघत होत्या. डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी आलं.

आत्या पायरीवर उभी होती. तिने विचारलं, "मी दिसते का रे?"

"कुठे आहेस?" बाबा म्हणाले.

ती त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर होती.

यानंतर कोणाला वाटेल की बाबांनी लगेच चूक कबूल केली. वाटू द्या. बाबांनी आधी महूच्या मालकाला दोष दिला, मग कमानीच्या पट्ट्यांना, मग एलईडी बनवणाऱ्यांना, मग सरकारला. मी म्हटलं, "सरकारला मी देते दोष, ते काम माझं. तुम्ही भट्ट्या पुढे घ्या."

"पुढे? म्हणजे खुर्च्यांच्या आत?"

"हो."

"आणि कार्यालयात पोचल्यावर आचारी काय खुर्च्या तळणार?"

दादा मध्ये पडला. म्हणाला, नियम राहू दे, आपण भरलेल्या गाडीवर दिवे खाली करून टाकू. केले. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंजीचं सामान उतरवून रिकामा परत आला तो शिव्या देत आला. गाडी रिकामी झाली, मागचं वजन गेलं, नाक खाली आलं, आणि दिवे स्वतःच्या बंपरपुढचे दोन हात रस्ता सोडून काही दाखवेनात. म्हणजे भरलेली असताना आत्या आंधळी, रिकामी असताना दादा. स्क्रूने हे सुटणार नव्हतं. ते सुटणार होतं बाबांच्या नियमाने, आणि बाबा नियमाला हात लावू देत नव्हते.

शेवटी आत्या आली आणि हौद्यात डोकावली. मग म्हणाली, "खुर्च्या एका बाजूला लाव, भांडी दुसऱ्या बाजूला. लांबीने. मागेपुढे कशाला पाहिजेत? शेजारी शेजारी लाव. फाळका उघडला की दोन्ही दिसतील."

बाबा म्हणाले, "असं कोणी भरत नाही."

"शेपटीला भट्टी लटकवून तरी कोण भरतं?"

रिकाम्या हौद्यात बाबा उभे राहिले, हात पसरून, मोजल्यासारखे. मग त्यांनी दादाला भट्ट्या आणायला सांगितलं. भट्ट्या आणि सिलेंडरं केबिनच्या पाठीशी, डाव्या बाजूने. मग कढया, भगोणी. उजवीकडे खुर्च्यांची थप्पी, आणि मध्ये एक माणूस आडवा जाईल एवढी फट. गाडी सपाट बसली. मी बाजूने बघितलं, नाक जमिनीला समांतर. आचाऱ्याला भट्टी द्यायला त्या फटीतून आत शिरावं लागतं, तेवढा वेळ जास्त जातो. बाबा तेवढ्यात पण कोणाला तरी सांगतात की हा नियम त्यांनीच शोधला.

एलईडी उतरले. दादा रुसला, पण उतरवले. कंपनीच्या जातीचे पिवळे हॅलोजन लावले, नव्या रबरी टोपीसकट, आणि भरलेल्या गाडीवर भिंतीसमोर दिशा बसवली. आता उजेडाला वर एक सरळ कडा आली, सुरीने कापल्यासारखी. कडेच्या खाली रस्ता, वर अंधार. दादा म्हणतो की आता कमी दिसतं. हळू चालव, म्हणावं.

मग आत्या स्कूटीवर बसली, समोर तोंड करून. दिवे लागले. ती बराच वेळ बघत राहिली, आणि आम्ही सगळे तिच्याकडे.

"डावा अजून जरा वर आहे," ती म्हणाली.

दादाने अर्धा आटा फिरवला. तिने मान डोलावली. मग बाबांपुढे हात केला.

बाबांनी चाबी काढली. आत्याने ती घेतली नाही.

"आधी म्हण."

"काय म्हणू?"

"माझे डोळे ठीक आहेत म्हण. सगळ्यांसमोर गेले म्हणालास, तर सगळ्यांसमोर ठीक आहेत म्हण."

"ठीक आहेत ताई."

"कोणाचे?"

"तुझे. बस? तुझे डोळे ठीक आहेत."

तिने चाबी घेतली आणि गेली. लांबच्या त्या घरी पोराला तोवर कोणी दुसरी शिक्षिका मिळाली नव्हती. ती परत जाऊ लागली.

इथे संपवता आलं असतं, पण मी खोटं लिहीत नाही. परवा आत्या आली आणि सांगत होती की ती आता मोठ्या रस्त्याने जात नाही. आतल्या गल्ल्यांतून जाते, लांब पडतं, कुत्री मागे लागतात, पण जाते. मोठ्या रस्त्यावर समोरून दर दुसरी गाडी तसलेच पांढरे दिवे घेऊन येते. कार, ऑटो, दुधाची गाडी, पोरांच्या मोटारसायकली. "आपली एक गाडी सुधारली," ती म्हणाली. "आता अख्ख्या गावाला कोण स्कूटीवर बसवणार?"

मी बसवणार. म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडे गाडी आहे, आणि तिचे दिवे तुम्ही पाठीमागून, आरामात बसून बघितले आहेत. आज संध्याकाळी तिच्यात तुम्ही रोज जेवढं वजन भरता तेवढं भरा, माणसं बसवा, पोती टाका, आणि ती भिंतीसमोर उभी करा. डिप्पर लावा. उजेड दिव्याच्या उंचीहून वर जात असेल तर खाली घ्या. बाजारातून आणलेला पांढरा बल्ब बसवला असेल तर तो काढा. उद्या नाही, आज. आणि मग घरातल्या ज्या बाईला तुम्ही म्हणाला होतात की तुझी नजर गेली, तिच्या दुचाकीवर स्वतः बसून त्या दिव्यांकडे बघा, आणि उतरल्यावर सगळ्यांसमोर तिची चाबी तिला परत द्या.